करवंटीची ओळ

गाण्याच्या कार्यक्रमात टाळी न वाजवणारा, मान न डोलावणारा, नाकावर माशी बसली तरी न हलणारा आणि मांडीवरच्या वहीत काहीतरी खरडत बसलेला माणूस तुम्ही कधी पाहिला असेल, तर तो मी होतो. मी नसेन तर माझ्याच खात्यातला दुसरा कोणी असेल. पोलिसात मी चोर किती पकडले ते विचारू नका. नोकरीतली बरीच वर्षं मी गाणी ऐकली आणि त्यांचे अहवाल लिहिले.

प्रत्येक ठाण्यात एक गोपनीयवाला असतो. मोर्चा, सभा, उपोषण, जयंती, उरूस, भजन, जे काही चार माणसं जमवून होतं तिथं त्यानं हजर राहायचं. कोण बोललं, काय बोललं, माणसं किती होती, वातावरण कसं होतं, हे लिहून वर पाठवायचं. त्याला कोणी ओळखू नये म्हणून साधे कपडे. आता खरं सांगतो, दारव्ह्याच्या त्या पट्ट्यात माझ्या हद्दीत मला न ओळखणारं कुत्रं नव्हतं. मी मंडपात पाय टाकला की माइकवरून आवाज यायचा, "आपल्यात गोपनीय विभागाचे जमादार साहेब उपस्थित आहेत, त्यांनी पुढं येऊन बसावं." एका हरिनाम सप्ताहात तर मला शाल आणि नारळ दिला. त्या रात्री अहवालात ‘सत्कारमूर्ती’च्या रकान्यात स्वतःचं नाव कसं लिहावं, या विचारात मी जेवलो नाही.

भाषणाचा अहवाल सोपा. ‘वक्त्याने शासनाच्या धोरणावर टीका केली’ एवढं लिहिलं की दीड तासाचं भाषण निकालात निघतं. गाण्याचं तसं नाही. गाण्यानं साहेब लोक घाबरतात. भाषण माणूस घरी जाईपर्यंत विसरतो, गाणं दुसऱ्या दिवशी शेतात निंदणाऱ्या बाया म्हणत असतात. म्हणून आमच्या नमुन्यात खाली एक वाक्य छापलेलं होतं, ‘गाण्याचे संपूर्ण बोल सोबत जोडावेत.’ संपूर्ण या शब्दाखाली रेघ होती. त्या रेघेनं माझा घात केला, पण ते पुढं सांगतो.

आधी एक नमुना देतो, म्हणजे आमचं काम कसं असे ते कळेल. मी वणीकडं कोळशाच्या पट्ट्यात होतो तेव्हा एका लग्नाची वरात एका पुढाऱ्याच्या घरासमोरून गेली. बँडवाल्यानं नेमकी त्याच्या विरोधकाच्या प्रचारातल्या गाण्याची चाल वाजवली. शब्द नाहीत, नुसती चाल. पुढाऱ्याचे चार लोक तक्रार घेऊन ठाण्यात. बँडमास्तरला बोलावलं. ठाणेदार साहेब म्हणाले, "वाजव." त्यानं क्लॅरिओनेट काढून वाजवलं. ठाण्यातला झाडून सगळा स्टाफ टेबलाखाली पाय हलवत होता, तक्रारदारसुद्धा. साहेबांनी विचारलं, "यात वाईट काय आहे?" तक्रारदार म्हणाला, "साहेब, याचा इरादा." मी अहवाल लिहिला, ‘वाद्यातून कोणतेही शब्द निघाले नाहीत.’ आठ दिवसांनी वरून विचारणा आली, ‘शब्द निघाले नसल्यास श्रोत्यांनी मनात कोणते शब्द म्हटले, याचा खुलासा करावा.’ त्या विचारणेला मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही, पण दिलं होतं.

तर मांगीलालबुवा.

मांगीलाल बंजारा समाजाचा, तांड्यावर राहणारा, साठीच्या घरातला माणूस. चार एकर शेती करायचा आणि खंजेरी वाजवून भजनं म्हणायचा. त्याच्या मागं ढोलकीवर त्याचा थोरला भाऊ हरी. मांगीलाल त्याला भिया म्हणायचा, म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ. चाळीस वर्षं दोघं एकत्र बसले. हरी बोलायचा कमी आणि गायचा त्याहून कमी. पण त्यांच्या मंडळात एक रीत होती. गाणं सगळं मांगीलालचं, फक्त शेवटच्या कडव्याची शेवटची ओळ हरीची. ती ओळ हरीनंच करायची, हरीनंच म्हणायची, ढोलकीवरून हात न काढता. दर कार्यक्रमाला ती वेगळी असे. लोक त्या एका ओळीसाठी थांबून राहत. पुढारी मंचावर असला तर तोही थांबे, कारण उठून गेला तर ती ओळ त्याच्यावरच येईल अशी भीती असे.

तांडा आणि दारव्हा रस्ता यांच्यामध्ये एक नाला आहे. पावसाळ्यात तो भरला की तांडा पलीकडं आणि जग अलीकडं. त्यावर पूल होणार म्हणून तीन वेळा नारळ फुटला होता. तिन्ही वेळा फोडणारा एकच, फक्त त्याच्या गळ्यातला गमछा दर वेळी वेगळ्या रंगाचा. त्याचं नाव लिहीत नाही. आपल्याकडं प्रत्येक तालुक्यात एक भाऊ असतोच, तुम्ही तुमचा घाला.

जत्रेच्या दिवशी दुपारी तांड्यावर कार्यक्रम होता. मी वही घेऊन गेलो. मांगीलालनं नवं गाणं काढलं.

नारळ फुटला, फीत कापली, पूल कुठी गेला रे?
भाऊ आला, फोटो झाला, पूल कुठी गेला रे?

लोक असे हसत होते की मला लिहिता येईना. मी चेहरा सरळ ठेवून चार कडवी उतरवली. ऊन भारी होतं, सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि मंडपाच्या मागं एकानं कढई चढवली होती. मिरचीच्या भज्यांचा वास असा येत होता की माझ्यातला शासकीय नोकर हळूहळू उठला आणि मागं गेला. म्हटलं, शेवटचं कडवं माइकवर आहे, इथूनही ऐकू येईल. भज्यांचा कागद हातात घेतला आणि लाईन गेली. माइक बंद, पंखे बंद. मंडपात दोनशे माणसं "लाईन गेली, लाईन गेली" करून ओरडायला लागली, जसं काही कोणाला समजलंच नव्हतं. लांबून मला मांगीलालचे ओठ हलताना दिसले, हरीची मान वर झालेली दिसली, पुढच्या तीन-चार रांगा खो खो हसल्या आणि कार्यक्रम संपला.

संध्याकाळी ठाण्यात बसलो. शेवटच्या कडव्याच्या पहिल्या तीन ओळी मी दुसऱ्या रांगेतल्या एका मास्तराला विचारून आणल्या होत्या.

पयला फुटला मतापायी,
दुसरा फुटला फोटोपायी,
तिसरा फुटला कायच्यापायी, ठावं कोनाले नाई रे...

"आणि चवथी?" मी विचारलं होतं. मास्तर म्हणाला, "गजब होती, जमादार. पण नेमकी याद नाही येऊन राह्यली." मास्तर लोकांची स्मरणशक्ती पगाराच्या तारखेपुरतीच असते.

आता ‘वीज गेल्याने शेवटची ओळ ऐकू आली नाही’ असं लिहायला काय हरकत होती? हरकत अशी, की मागच्याच महिन्यात एका सभेचा अपुरा अहवाल दिला म्हणून मला लेखी खुलासा मागितला होता. आणि दुसरी हरकत माझ्या आत होती. लहानपणी आमच्या गावच्या भजनात मी खंजेरी वाजवायचो, ओळीला ओळ जोडायचो. नोकरी लागली आणि बापानं खंजेरी खुंटीला टांगली. त्या संध्याकाळी तीन ओळी समोर, चौथी जागा रिकामी आणि डोक्यात ठेका सुरू. हात थांबेना. मी लिहून टाकलं,

खोबऱ्याचा वाटा भाऊनं नेला, करवंटीचा ठेवला रे!

लिहून झाल्यावर मी ती दोन वेळा मनात म्हटली. छाती भरून आली. अहवालावर ‘गोपनीय’चा शिक्का मारला आणि पाठवून दिला.

गोपनीय म्हणजे काय, तर जे गावाला साहेबाच्या आधी समजतं. माझा अहवाल वर पोचला दुपारी, आणि चहाच्या वेळेला ती ओळ माझ्याच मोबाईलवर परत आली, खाली हात जोडलेली चित्रं टाकून, ‘आमच्या भाऊंचा अपमान सहन करणार नाही.’ कोणी फोडली ते मला माहीत नाही. माहीत असतं तर त्याला विचारलं असतं की बाबा, ओळ कशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊचे बारा कार्यकर्ते ठाण्यात. बाराही जणांनी जबाब दिला की मांगीलालनं ती ओळ म्हटली आणि त्यांनी ती स्वतःच्या कानानं ऐकली. त्यातल्या चौघांना तर मी जत्रेत पाहिलंही नव्हतं. जबाब घ्यायला ठाणेदार साहेबांनी मलाच बसवलं. मी विचारायचो, "तुम्ही ओळ कशी ऐकली ते सांगा," आणि माणूस माझीच ओळ मला म्हणून दाखवायचा. एकानं तर रडून दाखवली.  मी लिहीत राहिलो.

मांगीलालला आणलं. साहेबांनी ओळ वाचली आणि विचारलं, "ही तूच म्हटली ना?"

मांगीलालनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या हरीकडं.  मला वाटलं आता हा म्हणेल, साहेब, ही ओळ आमची नाहीच, आणि माझी नोकरी गेली. निवृत्तीला मला अडीच वर्षं राहिली होती. 

मांगीलाल म्हणाला, "हो साहेब. माहीच हाय."

त्या वेळी मला जो आनंद झाला, त्याची आजही लाज वाटते.

गुन्हा दाखल झाला. जामीन मिळाला, पण त्याला अट लागली. पुढील आदेशापर्यंत जाहीर कार्यक्रमात गाणं-वाजवणं करायचं नाही. अट मोडली की जामीन रद्द. म्हणजे खंजेरी खुंटीला, आणि ढोलकीही खुंटीला, कारण हरी दुसऱ्या कोणासोबत बसायचाच नाही.

इकडं ओळ गावभर फिरत होती. कोणी टोपीवर लिहिली, कोणी ऑटोच्या मागं. बाजाराच्या दिवशी तांड्यावरची पन्नासेक माणसं हातात करवंट्या घेऊन आली आणि एकमेकींवर आपटत बाजारातून चालली. तोंडातून शब्द नाही. ठाणेदार साहेबांनी नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, अडवलं.

"हे काय चाललं?"

"काई नाही साहेब, वाजवून राह्यलो."

"काय म्हणून?"

"काईच नाही म्हणून राह्यलो. तुमीच आयका."

साहेबांनी ऐकलं. टक टक, टक टक. कोणत्या कलमात बसवावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी करवंट्या जप्त केल्या. पंचनामा मी लिहिला, ‘नारळाच्या करवंट्या, जोड सत्तेचाळीस, पैकी तीन नग खोबऱ्यासह.’ मुद्देमालाच्या खोलीत महिनाभर मुंग्यांची रांग होती. साहेब बदलून गेले, नवीन आले, त्यांनी खोली उघडली आणि विचारलं, "इथं कोणता गुन्हा झाला होता?" मी म्हणालो, "गाणं, सर."

घरी फक्त बायकोला माहीत होतं. तिला मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, कारण तीही ती ओळ भाकरी थापताना म्हणायला लागली होती. ती थापायची थांबली. म्हणाली, "आवो, मंग त्याले सोडवा ना. एक वाक्य तं बोलायचं हाय."

"त्या एका वाक्यात पेन्शन जाते," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली. पण नंतर ती ओळ तिनं कधी म्हटली नाही. माझ्यासमोर तर नाहीच.

होळी आली. होळीला तांड्यावर लेंगी होते, बाया-माणसं गोल धरून गातात-नाचतात, आणि मांगीलाल-हरीशिवाय ती कधी झाली नव्हती. अट होती म्हणून दोघं घराच्या ओट्यावर बसून राहिले. अट पाळली जाते की नाही हे पाहायला मी बंदोबस्ताला होतो. मला पाहून हरीनं हात वर करून राम राम केला. त्याचा दुसरा हात गुडघ्यावर होता आणि बोटं ठेका धरत होती. गुडघ्यावर ठेका धरणं जाहीर कार्यक्रमात बसतं का, याचा मी खरोखर विचार केला. एवढं बरं की लिहिलं नाही.

दुसऱ्या होळीच्या आधी हरी गेला. काळीज आधीपासूनच कमजोर होतं. दोन वर्षांत दोघं एकदाही गायला-वाजवायला एकत्र बसले नाहीत. मी मातीला गेलो. शोक म्हणूनही गेलो आणि ड्यूटी म्हणूनही, कारण गर्दी होणार होती आणि वरून फोन होता. मांगीलालनं भावाच्या पायाशी ढोलकी ठेवली. वाजवली नाही. नुसती ठेवली. आणि मी परत येऊन लिहिलं, ‘अंत्यविधी शांततेत पार पडला. आक्षेपार्ह गाणे झाले नाही.’ नोकरीत मी हजारो वाक्यं लिहिली असतील. त्या वाक्यासारखं नीच वाक्य दुसरं नाही.

मग कोर्ट. कार्यक्रमाचे मोबाईलवरचे व्हिडिओ लावले. पहिली चार कडवी स्वच्छ. शेवटच्या कडव्याच्या जागी नुसता गोंगाट आणि एक बाई ओरडते, "सोन्या, इकडं ये, तुह्या बापानं पाह्यलं तं मारन." दुसऱ्या व्हिडिओतही तीच बाई. मांगीलालच्या वकिलानं मला पिंजऱ्यात उभं केलं आणि विचारलं, "लाईट गेलेली असताना ही ओळ तुम्ही स्वतःच्या कानानं ऐकली?"

समोर मांगीलाल बसला होता, एकटा. मागं कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "होय."

पण केस माझ्यामुळं टिकली नाही आणि माझ्यामुळं सुटलीही नाही. मधल्या काळात भाऊनं चौथ्या रंगाचा गमछा घातला. त्याबरोबर त्याच्या बारा साक्षीदारांचे कानही बदलले. एकाला आठवलं की तो त्या दिवशी नागपूरला होता. दुसऱ्याला आठवलं की त्याला तसंही कमी ऐकू येतं. रडून दाखवणाऱ्यानं सांगितलं की मांगीलालबुवा आमचे दैवत आहेत. मांगीलाल सुटला. आठ दिवसांत भाऊची माणसं त्याच्या दारात. "बुवा, थेच गाणं म्हणा आपल्या सभेत. फक्त भाऊच्या जागी समोरच्याचं नाव टाका. करवंटीचं तेवढं ठेवजा, लय चालते थे."

मांगीलाल म्हणाला, "भिया असता तं पाह्यलं असतं," आणि दार लावून घेतलं.

मी निवृत्त झालो. निरोप समारंभात साहेब म्हणाले की यांचे अहवाल अचूक असत. पुन्हा शाल, पुन्हा नारळ. घरी आलो तर बायकोनं नारळ हातात घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आता तं पेन्शन सुरू झाली ना?"

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. नाला कोरडा होता म्हणून जाता आलं. मांगीलाल ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. भजे, लाईन, रिकामी जागा, ओळ, कोर्टातला ‘होय’. सगळं. म्हणालो, "बुवा, तुमचे दोन वर्षं मी खाल्ले. आणि हरीभाऊचे तर शेवटचेच होते."

तो शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला, "बसा, जमादार. थे ओळ आमची नोहती, मले मालूम होतं."

"कसं काय?"

"तुमच्या साहेबानं वाचलं तवा मले वाटलं, लाईन गेल्यावर भियानंच असं म्हणलं असन. माइक बंद, लोकायचा गलबला, मलेच बरोबर ऐकू नोहतं आलं. त्याचं काळीज असं. त्याले आत टाकतीन म्हणून मी म्हणलो, माही हाय. घरी आल्यावर त्याले इचारलं. थो म्हणे, मी हे म्हणलोच नाही." मांगीलाल पहिल्यांदा हसला. "मंग आमी दोघंबी इचार करत बसलो, का हे म्हणलं कोनं. भिया म्हणे, कोनं का असेना, ओळ चांगली हाय."

मी खाली पाहिलं. माझ्या आयुष्यात माझ्या ओळीला मिळालेली ती एकच दाद, आणि ती त्या माणसाची.

"मंग सांगतलं काहून नाही कोर्टात?" मी विचारलं. "तुमी सुटले असते."

"कोन मानलं असतं? तुमचं लिवलेलं, बारा गवाह. आन् लोक तं तेच गाऊन राह्यले होते." त्यानं सूप बाजूला ठेवलं. "थे जाऊ द्या. तुमी आले थे बरं झालं. एक काम हाय तुमच्याजवळ."

"सांगा."

"भियाची खरी ओळ. मी ठाण्यातून घरी आलो तवा त्यानं मले म्हणून दाखवलती. अर्धी याद हाय. ‘चवथा नारळ घेऊन ये भाऊ...’ म्होरं काय, थे जाऊन राह्यलं डोक्यातून. जेवताना आठोते, हात धुतो तं गायब. दोन वरसं ज्याच्या-त्याच्या तोंडी करवंटी, करवंटी, तेच डोक्यात बसलं. त्याची शेवटची ओळ हाय ती, जमादार. त्यानं भाऊले शिवी देल्ली का आशीर्वाद देल्ला, थेबी मले आता सांगता नाही येत. तुमी तं गोपनीयवाले. तुमच्या वहीत सगळं असते. पाहा ना."

पहिला, दुसरा, तिसरा नारळ झाल्यावर ओळ चौथ्या नारळावर येणार, हे चौथीतल्या पोरालाही सुचलं असतं. मला सुचलं नव्हतं. मी आपलं खोबरं-करवंटी करत बसलो होतो, आणि वर छाती फुगवली होती.

पुढचे पंधरा दिवस मी नोकरीत कधी केला नाही असा तपास केला. त्या दिवशी पुढच्या रांगांत कोण कोण होतं त्याची नावं काढली. खो खो हसणारी हीच माणसं होती, यांनी हरीची ओळ नक्की ऐकली होती. एकेकाच्या घरी गेलो. "‘चवथा नारळ घेऊन ये भाऊ’, पुढं काय होतं?"

"तशी नोहती ना जमादार. ‘खोबऱ्याचा वाटा भाऊनं नेला’ अशी होती."

"ती मी लिहिलेली आहे. ठाण्यात बसून."

ते हसायचे. मी निवृत्त झाल्यावर डोक्यावर परिणाम झाला असं काहींनी बायकोला सांगितलं. मास्तर म्हणाला, आता त्याला चांगलं आठवतं, करवंटीच होती, त्यानं त्याच दिवशी ओळखलं होतं की ही अजरामर होणार. शेवटी मी नायकाच्या बायकोकडं गेलो. सत्तरीची बाई, अगदी पहिल्या रांगेत बसलेली. तिला हात जोडून म्हणालो, "मावशी, शपथ घेऊन सांगतो, करवंटीची ओळ हरीभाऊनं म्हटलीच नाही."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमाले काय मालूम, जमादार?" ती म्हणाली. "तुमी तं मागं भजे खाऊन राह्यलते."

मी परत आलो. जुन्या वह्या कपाटातून काढल्या. गोपनीयवाला सरकारी अहवाल वर पाठवतो, पण जागेवर जे खरडतो ती वही त्याच्याजवळच राहते. त्या दुपारचं पान सापडलं. चार कडवी पेन्सिलीनं, घाईघाईत. मग कडव्याच्या तीन ओळी, मास्तराला विचारून घेतलेल्या. मग जागा सोडलेली. आणि त्या जागेत निळ्या शाईनं, ठाण्यात खुर्चीवर बसून, सुंदर अक्षरात लिहिलेली माझी ओळ. पानाच्या कोपऱ्यात तेलाचा डाग.

ते पान घेऊन मी मांगीलालकडं गेलो. त्यानं चष्मा लावला, बोट ठेवत ठेवत वाचत आला, शेवटच्या ओळीपाशी थांबला आणि वही माझ्या हातात परत दिली. तिथंच ओट्यावर बसून मी माझ्या ओळीवर रेघ मारली आणि जो अहवाल त्या दिवशी द्यायला पाहिजे होता तो खाली लिहिला.

‘वीज गेल्यामुळे शेवटची ओळ ऐकू आली नाही. ती हरीभाऊंची होती. अंमलदार त्या वेळी भजे खात होता.’